वर्मावर बोट!

बालमित्रांनो, ‘बरोब्बर वर्मावर बोट ठेवलंस!’ असं मोठी माणसं म्हणतात ते तुम्ही ऐकलंच असेल. हे वर्म म्हणजे संस्कृतातलं मर्म. शरीरावरची अशी नाजूक जागा, जिथे थोडासा मारही फार लागतो.

असं एक वर्म तुमच्या चांगलं ओळखीचं आहे. बाकाच्या कडेवर कोपर आपटलं की काय होतं, सांगा पाहू? हातातून वीज गेल्यासारखं वाटतं आणि पार करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात. कारण तिथे एक मज्जातंतू हाडाला लागून अगदी कातडीखालून जातो. वर मांसाची गादीच नाही, मग धक्का थेट त्यालाच बसतो!

जळगाव-धुळ्याकडे संध्याकाळी पांढरा पोशाख घालून कराटेच्या क्लासला निघालेली मुलं-मुली दिसतात. नव्या मुलाचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो, ‘सर, एक बोट लावून माणूस बेशुद्ध कसा पाडायचा, ते कधी शिकवणार?’ सिनेमात पाहिलेलं असतं ना! चांगले सर हसतात आणि म्हणतात, ‘आधी नीट उभं राहायला शीक.’ मुलाला वाटतं, सर हातचं राखून शिकवतात. वस्ताद एक डाव राखून ठेवतो, असं आपल्या आखाड्यातही म्हणतातच. पण मर्मांच्या बाबतीत हे राखणं कंजूषपणाचं नाही, बरं का!

सुश्रुतांची यादी

‘सुश्रुतसंहिता’ या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथात शरीरातली १०७ मर्मं सांगितली आहेत. मांसाची ११, शिरांची ४१, स्नायूंची २७, हाडांची ८ आणि सांध्यांची २०. करा बेरीज! त्यांतल्या १९ जागी घाव बसला तर लगेच जीव जातो, ४४ जागी व्यंग येतं आणि ८ जागी नुसत्या वेदना होतात, असं त्या ग्रंथात म्हटलं आहे. आता ओळखा, ही यादी कोणासाठी? मारामारी करणाऱ्यासाठी? छे! शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्यासाठी. सुरी चालवताना या जागा जपायच्या. म्हणून तर मर्मांचं ज्ञान म्हणजे शल्यविद्येचा अर्धा भाग, असं तिथे सांगितलंय.

सगळ्यांत शेवटचा धडा

लढण्याची कला शिकवणाऱ्यांनीही हीच काळजी घेतली. केरळात कलरीपयट्टू नावाची जुनी युद्धकला आहे. कलरी म्हणजे तिथला आखाडाच. आधी अंग लवचीक करायचं, मग काठी, मग धातूची शस्त्रं आणि शेवटी नुसत्या हातांची लढाई. मर्मविद्या या शेवटच्या पायरीवर, तीही गुरूचा विश्वास बसलेल्या शिष्यालाच. गंमत म्हणजे मर्म दाखवणारे गुरुजीच मार लागलेल्यांना तेल चोळून बरंही करतात! वयाच्या सातव्या वर्षी कलरीत पाऊल टाकलेल्या मीनाक्षी अम्मांना २०१७ साली पद्मश्री मिळाली.

जपानात जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्यूदोची शाळा काढली. तिथेही मर्मावरचे प्रहार फक्त ठरवून केलेल्या सरावात, सामन्यात बंदी. आपल्या कुस्तीतही केस ओढणं, बोटं पिरगाळणं, गळा आवळणं मना आहे.

गंमत नको!

मित्रांनो, मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या जातात. त्या दाबल्या तर काही सेकंदांत भोवळ येते आणि जिवावरही बेतू शकतं. छातीवर बसलेला जोराचा फटका क्वचित हृदयाची लय बिघडवतो; तुमच्या वयात छातीचा पिंजरा मऊ असतो, म्हणून धोका जास्त. तेव्हा मधल्या सुट्टीत मोबाइलवरची युक्ती मित्राच्या मानेवर करून पाहायची नाही. अगदी हळूच, गमतीतसुद्धा नाही! तुम्ही आधी शिकायचं ते या जागा झाकायला, पडताना डोकं सांभाळायला आणि समोरच्याने हाताने थापटलं की तत्क्षणी सोडायला.

पालकांसाठी दोन शब्द

क्लासची फी भरण्याआधी एक दिवस तिथे बसून सराव पाहा. डोळे, गळा, मान यांवर मुलांकडून घाव घालून घेतात का? थापटल्याबरोबर सोडायला लावतात का? प्रथमोपचाराची पेटी आहे का? ‘महिनाभरात मर्मविद्या’ अशी जाहिरात असेल, तर सरळ घरी या.

आणि मुलांनो, एक वर्म अंगावर दिसत नाही. कोणी बोलताना अडखळतो, कोणाच्या घरी पैशांची ओढ असते. तिथे बोट ठेवलं की कोपराच्या झिणझिण्यांपेक्षा जास्त दुखतं. ती जागा ठाऊक असूनही जो हात लावत नाही, तोच खरा वस्ताद. पटतंय ना?