‘जि’ आणि ‘ह’

माझ्याकडे गुणलेखनाच्या अकरा वह्या आहेत. नव्वदच्या दशकात भाईंदर पश्चिमेला, मिठागरांच्या अलीकडच्या मोकळ्या जागांवर उन्हाळ्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा व्हायच्या. अंपायर मिळायचा, माइकवर बोलणारा तर हमखास मिळायचा, पण दिवसभर उन्हात बसून धावा लिहायला कोणी तयार नसायचं. ते काम माझ्याकडे आलं आणि सात-आठ वर्षं राहिलं. आठ षटकांचा सामना, एका गोलंदाजाला जास्तीत जास्त दोन षटकं. षटकं, धावा, बळी एवढं लिहून झालं की मी गोलंदाजाच्या नावापुढे आणखी एक रकाना आखायचो. संघ जिंकला तर ‘जि’, हरला तर ‘ह’. हा रकाना मला कोणी सांगितला नव्हता. पण शेवटच्या दिवशी ‘उत्कृष्ट गोलंदाज’ ठरवायची वेळ आली की आयोजक वही मागून घ्यायचे आणि त्यांची नजर नेमकी त्याच रकान्यावर जायची.

१९९६च्या वहीत एक पान आहे. राई गावाकडून येणाऱ्या एका संघात एक डावखुरा मुलगा होता. तीन सामने, सहा षटकं, २३ धावा, सात बळी. त्याच्यापुढे ‘ह’, ‘ह’, ‘ह’. चषक मिळाला पाच बळी घेणाऱ्या दुसऱ्या मुलाला. त्याच्यापुढे चार वेळा ‘जि’ होतं. नाव मीच माइकवाल्याला लिहून दिलं होतं. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

वाटलं ते बावीस वर्षांनी, २०१८च्या शरदात. माझा भाचा न्यू जर्सीत राहतो आणि तिथे गेल्यापासून बेसबॉलचा, त्यातही न्यूयॉर्क मेट्स संघाचा भक्त झाला आहे. त्याने फोनवर जेकब डीग्रॉमची कथा सांगितली. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या पिचरच्या नावावर चक्क विजय आणि पराभव लिहितात. संघाने कायमची आघाडी घेतली तेव्हा जो पिचर खेळत होता, विजय त्याचा. सुरुवात करणारा असेल तर त्याने निदान पाच डाव तरी टाकलेले हवेत. ज्याच्या खाती लागलेल्या धावेने प्रतिस्पर्ध्याला निर्णायक आघाडी मिळाली, पराभव त्याचा. म्हणजे माझा ‘जि’ आणि ‘ह’चा रकाना तिथे शंभराहून अधिक वर्षं अधिकृतपणे छापला जात होता. डीग्रॉमने त्या हंगामात दर नऊ डावांमागे सरासरी १.७० धावा दिल्या. असा हंगाम फार थोड्यांच्या वाट्याला येतो. त्याच्या नावावर विजय किती? १० विजय, ९ पराभव. त्याचे फलंदाज धावाच काढत नव्हते.

त्या खेळाने हा हिशोब कसा सोडवला, ते मी मग हावरटासारखं वाचत गेलो. वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला तिथे ज्याच्या नावाने पारितोषिक देतात, त्या साय यंगची कीर्तीच मुळी ५११ विजयांवर उभी आहे. १९९०मध्ये अमेरिकन लीगचं हे पारितोषिक बॉब वेल्शला मिळालं, २७ विजयांसाठी. त्याच वर्षी रॉजर क्लेमेन्सची सरासरी १.९३ होती आणि वेल्शची २.९५. पण वेल्शच्या पाठीशी ओकलंडचा बलाढ्य संघ होता. वीस वर्षांनी, २०१०मध्ये, तेच पारितोषिक सिअॅटलच्या फेलिक्स हर्नांडेझला १३ विजय आणि १२ पराभवांवर मिळालं. २०१८मध्ये डीग्रॉमलाही मिळालं. मतं देणारी माणसं विजयाच्या रकान्याआधी बाकीचे रकाने वाचायला शिकली होती.

मला सगळ्यात जास्त भावला तो १९७२चा स्टीव्ह कार्लटन. त्याच्या फिलाडेल्फिया संघाने अख्ख्या हंगामात ५९ सामने जिंकले आणि ९७ हरले. त्या ५९पैकी २७ विजय एकट्या कार्लटनच्या नावावर, पराभव १०. त्याच्या नावावरचे विजय-पराभव वगळले तर उरतात ३२ विजय आणि ८७ पराभव. ही वजाबाकी मला पटली. रकाना फाडून टाकायची गरजच नाही. माणूस बाजूला काढायचा आणि मागे संघाचं काय उरतं ते पाहायचं.

मग मी तीच वजाबाकी आपल्याकडे करायला बसलो. क्रिकेटच्या धावफलकावर असा रकाना नाही, पण आपल्या बोलण्यात आहे. ‘मॅचविनर’ हा शब्द आपण त्याच अर्थाने वापरतो, आणि ज्याला तो लागत नाही त्याच्या बळींकडे थोडं तिरकं पाहतो.

मुंबईच्या क्रिकेटमध्ये मागे मागे जात गेलं की पहिला भेटतो पळवणकर बाळू. १९११मध्ये भारतीय संघ इंग्लंडला गेला. २३ सामन्यांत ६ जिंकला, १५ हरला. त्या दौऱ्यात चांभार समाजातल्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने शंभराहून अधिक बळी घेतले. माझ्या पद्धतीने त्याच्यापुढे बहुतेक ‘ह’चीच रांग लागली असती. परत आल्यावरही हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला मिळालं नाही, ते त्याच्या जातीमुळे. ते मिळालं त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला, १९२३मध्ये.

विनू मंकडपाशी मी बरेच दिवस अडकलो. ४४ कसोटी, १६२ बळी, २१०९ धावा. त्यातले किती सामने भारताने जिंकले? पाच. उरलेल्या ३९मध्ये एकही विजय नाही. नुसता रकाना पाहणारा म्हणेल, हा कसला मॅचविनर! आता वजाबाकी करा. १९३२मध्ये भारत पहिली कसोटी खेळला. पहिला विजय यायला वीस वर्षं लागली. तो आला फेब्रुवारी १९५२मध्ये मद्रासला, इंग्लंडविरुद्ध, आणि त्या सामन्यात मंकडचे बळी १२. दुसरा त्याच वर्षी दिल्लीला पाकिस्तानविरुद्ध. मंकडचे बळी १३. तिसरा मुंबईत. चौथा आणि पाचवा १९५५-५६मध्ये न्यूझीलंडविरुद्ध, आणि त्या दोन्ही सामन्यांत मंकडची द्विशतकं, २२३ आणि २३१. भारताच्या पहिल्या पाचही विजयांत हा माणूस मैदानावर होता. त्याच्याशिवाय भारत पहिली कसोटी जिंकला तो डिसेंबर १९५९मध्ये कानपूरला, जसू पटेलने ऑस्ट्रेलियाचे १४ बळी घेतले तेव्हा. तोवर मंकडची कारकीर्द संपली होती. कार्लटनच्या नावावरचे विजय वगळले तरी त्याच्या संघाचे ३२ विजय उरत होते. मंकडविना भारताच्या खात्यात शून्य होतं.

आणि त्याची सगळ्यात मोठी कामगिरी हरलेल्या सामन्यात आहे. १९५२च्या उन्हाळ्यात तो लँकेशायर लीगमध्ये हॅस्लिंग्डनसाठी खेळत होता. भारताच्या इंग्लंड दौऱ्यावर संघात जागा नक्की मिळेल असा शब्द त्याला दिला गेला नाही, म्हणून त्याने लीगचा करार धरला. लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्यावर चार बाद झाली आणि मग त्याला बोलावणं गेलं. लॉर्ड्सवर त्याने ७२ आणि १८४ धावा काढल्या आणि इंग्लंडच्या पहिल्या डावात ७३ षटकं टाकून पाच बळी घेतले. सलामीला जायचं, दिवसभर गोलंदाजी करायची आणि पुन्हा सलामीला जायचं. इंग्लंडने सामना आठ गडी राखून जिंकला. लोकांनी त्याला ‘मंकडची कसोटी’ म्हटलं. हरलेल्या माणसाचं नाव सामन्याला लागलं. बेसबॉलवाल्यांना जे २०१०मध्ये उमगलं, ते ज्यांनी तो खेळ प्रत्यक्ष पाहिला त्यांना तेव्हाच उमगलं होतं.

सुभाष गुप्तेंबाबत हिशोब मांडताना राग येतो. डिसेंबर १९५८, कानपूर, समोर वेस्ट इंडीज. पहिल्या डावात गुप्तेंनी १०२ धावांत नऊ बळी घेतले, वेस्ट इंडीज २२२. दहावाही त्यांचाच व्हायचा, पण लान्स गिब्सचा झेल यष्टिरक्षकाच्या हातून सुटला. भारतही २२२वर बाद झाला आणि शेवटी सामना २०३ धावांनी हरला. लेगस्पिनरचे बळी निम्मे दुसऱ्यांच्या हातात असतात, आणि तेव्हाच्या आपल्या क्षेत्ररक्षणाबद्दल न बोललेलंच बरं. ३६ कसोटींत १४९ बळी घेऊन गुप्ते थांबले, तेही खेळामुळे नाही. १९६१मध्ये दिल्लीच्या हॉटेलात त्यांच्या खोलीतल्या सहकाऱ्याने तिथल्या स्वागतिकेला फोन केला, त्यावरून गदारोळ झाला आणि गुप्ते संघाबाहेर गेले ते कायमचेच. पुढे त्रिनिदादला स्थायिक झाले. वेस्ट इंडीजचे सोबर्स त्यांना आपण पाहिलेला सर्वोत्तम लेगस्पिनर म्हणत.

दुसरीकडे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर. त्यांच्यापुढे मी लिहिलं असतं तर पान ‘जि’नेच भरलं असतं. १९५८-५९ ते १९७२-७३, मुंबईने सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकला, आणि त्यातल्या उत्तरार्धात शिवलकर होते. ५८९ प्रथमश्रेणी बळी, सरासरी १९.६९, आणि कसोटी एकही नाही. त्यांच्याविषयी एक वाक्य मी लोकलमध्ये, कट्ट्यावर, अनेकदा ऐकलं आहे: मुंबईसारखा संघ पाठीशी असताना कोणीही बळी घेईल. ते घासून पाहायला १९७२-७३चा अंतिम सामना पुरतो. मद्रासला फिरणारी खेळपट्टी, मुंबई पहिल्या डावात १५१, दुसऱ्यात ११३. मुंबईच्या बलाढ्य फलंदाजीने दिलं ते एवढंच. शिवलकरांनी १६ धावांत आठ आणि १८ धावांत पाच बळी घेतले, तमिळनाडू ८० आणि ६१. संघ त्यांच्या पाठीशी होता म्हणतात, पण त्या दिवशी संघच त्यांच्या पाठीवर होता.

शिवलकरांच्या शेजारी राजिंदर गोयल यांचं नाव ठेवल्याशिवाय हा हिशोब पुरा होत नाही. तेही डावखुरे, तेही भारताचे डावखुरे फिरकी गोलंदाज बेदी यांच्या काळात जन्मलेले, तेही एकही कसोटी न खेळलेले. पण गोयल खेळले पतियाळा, दिल्ली आणि हरयाणाकडून. मुंबईसारखे स्लिपमध्ये वाडेकर आणि जवळ सोलकर त्यांच्या नशिबी नव्हते. तरी ७५० प्रथमश्रेणी बळी, त्यातले ६३७ रणजीत, सरासरी १८.५८. हरयाणाने करंडक पहिल्यांदा जिंकला १९९१मध्ये, वानखेडेवर मुंबईलाच दोन धावांनी हरवून, तेव्हा गोयलांना खेळ सोडून बरीच वर्षं झाली होती. एक सतत जिंकणाऱ्या संघात, एक करंडक न मिळालेल्या संघात, आणि दोघांची सरासरी एकाच घरात. गावसकरांनी ‘आयडॉल्स’ या पुस्तकात दोघांवरही लिहिलं आणि २०१७मध्ये बीसीसीआयने दोघांना एकत्रच सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. संघ वेगळे काढल्यावर काय उरतं, ते त्या मंचावर शेजारी शेजारी उभं होतं. मार्च २०२५मध्ये शिवलकर गेले, तेव्हा मी त्या दोघांच्या आकड्यांचं पान पुन्हा काढलं होतं.

पण माझ्या रकान्याचा सगळ्यात स्वच्छ निकाल लावला तो एजाज पटेलने. मुंबईत जन्मलेला, आठव्या वर्षी आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेलेला. डिसेंबर २०२१मध्ये वानखेडेवर त्याने भारताच्या पहिल्या डावात दहाच्या दहा बळी घेतले, ११९ धावांत. कसोटीत हे करणारा लेकर आणि कुंबळेनंतर तो तिसराच. दुसऱ्या डावात आणखी चार. भारताचे १७ गडी बाद झाले, त्यांतले १४ त्याचे. त्याच्या संघाने दोन डावांत मिळून २२९ धावा केल्या; एकट्या एजाजने दिल्या २२५. न्यूझीलंड ३७२ धावांनी हरलं. सामनावीर मयांक अग्रवाल.

नोव्हेंबर २०२४, तेच वानखेडे, तोच गोलंदाज. या वेळी ५ आणि ६, मिळून ११ बळी. मागच्या वेळेपेक्षा तीन कमी. भारताला १४७ हव्या होत्या, १२१वर संपलो. न्यूझीलंड २५ धावांनी जिंकलं, मालिका ३-०, आणि सामनावीर एजाज पटेल. मी भारताचा पराभव पाहून उदास होतो, तरी त्या संध्याकाळी त्याच्यासाठी मन भरून आलं. १४ बळींपुढे ‘ह’ आणि ११ बळींपुढे ‘जि’. मधल्या तीन वर्षांत बदल कुठे झाला होता, हे धावफलकावरच दिसत होतं: दुसऱ्या वेळी त्याच्या फलंदाजांनी ४०९ धावा काढल्या होत्या.

आमच्या लाइनवरचा म्हणून शार्दूल ठाकूरचा उल्लेख करतो. पालघरचा मुलगा किट घेऊन लोकलने मुंबईला यायचा, तेव्हा वसईची खाडी ओलांडली की भाईंदरच लागायचं. पुढे बोरिवलीला दिनेश लाड सरांच्या घरी राहिला. जानेवारी २०२१मध्ये गॅबावर त्याने सात बळी घेतले, पहिल्या डावात ६७ धावा काढल्या आणि भारत जिंकला. त्याचं नाव अजून निघतं. वर्षभराने, जानेवारी २०२२मध्ये, जोहान्सबर्गला एकाच डावात ६१ धावांत सात बळी घेतले. तो सामना आपण सात गड्यांनी हरलो. गाडीत शेजारी बसलेल्या किती जणांना ती जोहान्सबर्गची आकडेवारी आठवते, हे मी मुद्दाम विचारून पाहिलं आहे. फार थोड्यांना.

गेल्या दिवाळीत मी १९९६ची वही घेऊन त्या राईच्या मुलाला शोधून काढलं. आता पन्नाशीकडे आलेला गृहस्थ आहे. वजाबाकी करून नेली होती: त्या तीन सामन्यांत त्याच्या संघाने मिळून दहा बळी घेतले होते, त्यांतले सात त्याचे, त्याची सहा षटकं २३ धावांत गेली होती आणि बाकीच्यांच्या अठरा षटकांत १४७ धावा निघाल्या होत्या. ‘चषक तुमचा होता’, मी म्हणालो. त्याने पान नीट पाहिलं, स्वतःच्या नावावर बोट ठेवलं, मग ते बोट वर संघाच्या धावांवर नेलं.

“काका, शेवटच्या मॅचला आपले अडतीसच झाले होते ना?”

मी पाहिलं. अडतीसच होते.

“मी शून्यावर आउट झालो होतो,” तो म्हणाला, आणि त्याने वही मला परत दिली.