पालिकेची व्यायामशाळा आणि मोहल्ल्यातली जिम

मोहल्ल्यातल्या छोट्या जिमवाल्यांची एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतो: पालिकाच फुकटात जिम देते, मग आमच्याकडे कोण येणार? यात आधी एक फरक समजून घ्यायला हवा.

बागेतली 'ओपन जिम' ही खरी स्पर्धक नाही. तिथल्या बहुतेक यंत्रांना वजनाच्या प्लेटा नसतात. आपल्याच शरीराचे वजन ढकलायचे किंवा ओढायचे. बुजुर्गांना ती उत्तम. बॉडी बनवायला निघालेला पोरगा मात्र तिथे फार दिवस टिकत नाही.

खरा प्रश्न बंदिस्त व्यायामशाळेचा आहे. इमारत आणि यंत्रे आमदार निधीतून किंवा पालिकेच्या पैशातून आली की नाममात्र फी परवडते. शेजारचा जिमवाला मात्र गाळ्याचे भाडे, व्यावसायिक दराचे वीजबिल, यंत्रांचा हप्ता, सगळे फीमधूनच काढतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला खरा. पण ज्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत, त्याला नोंदणीच सक्तीची नाही. मग त्याला दिलासा कसला?

म्हणजे सरकारी व्यायामशाळा नकोत का? तसे आम्ही म्हणणार नाही. आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांना महिन्याची फी झेपत नाही. पण छोटी जिम बंद पडली तर ट्रेनरची रोजी जाते आणि दुपारची लेडीज बॅचही. म्हणून नगरसेवकाला अर्ज देताना एवढे जरूर लिहा: जिथे जिम नाही तिथे आधी बांधा, ट्रेनर मोहल्ल्यातलाच नेमा आणि महिलांची वेळ वेगळी ठेवा.