सड्यावरील भेक आणि त्याचे ओंजळभर पाणी

शेतीच्या हिशेबात ज्या जमिनीला ‘पोटखराबा’ म्हणतात, ती सृष्टीच्या हिशेबातही नापीक असते असे नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभ्या दगडाचे सडे हे याचे उत्तम उदाहरण होय. उन्हाळ्यात हे सडे तव्यासारखे तापतात. मृगाचा पाऊस पडताच खडकातील खळगे पाण्याने भरतात, भोवती गवत व रानफुले उगवतात आणि बेडकांच्या विणीला आरंभ होतो.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथे वर्षाला सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथील सड्यांवर एक लहानसा भेक आढळतो. त्याच्या कुशींवर वाघासारखे पिवळे पट्टे असतात, म्हणून २००९ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले तेव्हा त्याला ‘टायगेरिना’ हे नाव मिळाले. त्याचाच सगोत्र असलेल्या कोयनेच्या भेकाचे वर्णन सोमण यांनी १९६३ मध्येच केले होते.

हा भेक अंडी घालतो ती तळ्यात नव्हे, तर खडकावरील उथळ डबक्यात. भरपूर पाण्याचे तळे सोडून त्याने हे ओंजळभर पाणी का पत्करावे? त्याचे एक कारण असे की, बारमाही पाण्यात मासे असतात व ते अंडी आणि बेडूकमासे फस्त करतात. चार दिवसांच्या डबक्यात मासा टिकत नाही. उथळ पाणी उन्हाने लवकर उबदार होते, त्यामुळे पिलांची वाढही झपाट्याने होते. मात्र पावसाने मध्येच दडी मारली, तर डबके आटते आणि पिले मरतात. जबलपूरच्या गोरखपुरात किंवा पुण्याच्या पेठेत दिसणारा नेहमीचा भेक लांबच लांब माळांतून हजारो अंडी घालतो. त्यातली काही गेली तरी वंश टिकतो. आंबोलीच्या भेकाची अंडी मोजकीच असतात. त्याला एकेक डबके मोलाचे आहे.

म्हणूनच जांभ्याची खाण, नवा रस्ता वा सड्यावर आणलेली मोटार यांनी होणारी हानी दिसते त्याहून मोठी असते. पावसाळी रात्री रस्ता ओलांडणारे भेक चाकांखाली चिरडले जातात. आज या जातीची गणना अतिसंकटग्रस्तांत होते.

निरीक्षणासाठी जाणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत. सुटे दगड उलथू नयेत. त्यांच्याखालीच भेकाचा आसरा असतो. डबक्यात पाय घालू नये, अंडी हाताळू नयेत. पाऊस कोणत्या दिवशी पडला, पाण्याची खोली किती, अंडी कधी दिसली, पिलांना पाय केव्हा फुटले, एवढे वहीत नोंदवावे. अशा नोंदी वर्षानुवर्षे साठल्या, म्हणजे बदलत्या पावसाचा या जिवांवर काय परिणाम होतो ते कळू लागते.

जमिनीचे मोल केवळ पिकावरून ठरवण्याची आपली सवय जुनी आहे. सड्यावर नांगर चालत नाही हे खरे. पण जगात अन्यत्र ज्याला घर नाही, अशा जिवाचा पाळणा तेथेच हलतो.