बांधाचे राखणदार

आमचे गाव खाडीकाठी आहे. पूर्वी लोक जळणासाठी कांदळाची झाडे तोडायचे. मग भरतीचे पाणी थेट बांधावर आपटायचे. एकदा बांध फुटला आणि आमच्या भातशेतीत खारे पाणी शिरले. आजी सांगते, "त्या वर्षी तांदूळ विकत आणायला लागले."

कांदळाची मुळे चिखल धरून ठेवतात, लाटेचा जोर कमी करतात. त्या मुळांत कोळंबी, खेकडे आणि माशांची पिल्ले लपतात. म्हणून जाळ्यात मासळी मिळते.

कांदळाचे बी झाडावरच रुजते. ते शेवग्याच्या शेंगेसारखे लांब दिसते. ओहोटीला ते चिखलात नुसते खोचायचे. गेल्या पावसात मी आणि बाबांनी बांधापुढे २० बिया खोचल्या. ११ जगल्या, बाकीच्या भरतीने नेल्या. यंदा पुन्हा खोचणार.

पालकांनो, जळणाला कांदळ तोडू नका. बांध आपल्या सगळ्यांचा आहे.

– इयत्ता चौथी