पात्यांचा कोन आणि पोखऱ्याचा अपघात
आज मी प्रॉपेलरच्या पिचबद्दल, म्हणजे पात्यांच्या कोनाबद्दल बोलणार आहे. सायकलचे गिअर आठवा. पिच कमी, तर आरपीएम सहज वाढतो. टेकऑफला हेच हवं. पिच वाढवला, की पात्यांवर भार येतो आणि आरपीएम उतरतो. गव्हर्नर तेलाच्या दाबाने पिच बदलत आरपीएम कायम राखतो.

इंजिन बंद पडलं, तर पात्यांची धार वाऱ्याकडे वळवतात. हे ‘फेदर’. अडथळा घटतो, पण ओढही मिळत नाही.

१५ जानेवारी २०२३ ला पोखऱ्यात एटीआर-७२ उतरत असताना फ्लॅपऐवजी शेजारचे दोन्ही कंडिशन लिव्हर फेदरवर गेले. इंजिनं चालूच होती. ओढ मात्र संपली. ७२ जण गेले.

म्हणून मी म्हणतो, लिव्हर हलवण्याआधी हातात कोणता आहे, ते डोळ्यांनी पाहा.