विश्लेषण : हाडाचा दगड कसा होतो? मुलांना घरच्या घरी जीवाश्म कसे समजावाल?

चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा हे गाव जगभरातील जीवाश्म अभ्यासकांना ठाऊक आहे, ते डायनासोरच्या दगड झालेल्या विष्ठेमुळे. या विष्ठेत गवताचे सूक्ष्म अंश असल्याचे संशोधन २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तोवर डायनासोरच्या काळात गवत नव्हतेच, असा समज होता. मुलांना ही गोष्ट सांगितली की ती आधी खिदळतात आणि मग नेमका प्रश्न विचारतात : विष्ठेचा दगड झाला कसा?

विकतचा ‘उत्खनन संच’ पुरेसा का नाही?

प्लास्टरची वीट फोडायची आणि आतला प्लास्टिकचा सांगाडा काढायचा, हा खेळ तास-दोन तास छान रमवतो. पण त्यात हाडे आधीपासून तयार असतात. हाडाचा दगड होण्याची प्रक्रिया, म्हणजे जीवाश्मशास्त्राचा गाभाच, त्यातून सुटतो. ती समजवायला मीठ आणि स्पंज जास्त उपयोगी.

स्पंजचा प्रयोग कसा करायचा?

भांडी घासायचा नवा स्पंज हाडाच्या आकारात कापा. स्वयंपाकघरातील काट्यावर त्याचे वजन करून मुलांना ते वहीत लिहू द्या. कोमट पाण्यात मीठ विरघळायचे थांबेपर्यंत घाला, त्यात स्पंज बुडवा आणि न पिळता उन्हात वाळवा. दोन-चार दिवसांत तो कडक होतो. पुन्हा वजन करा. वाढलेले वजन मिठाचे : पाणी उडून गेले, मीठ छिद्रांत राहिले. गाळात पुरलेल्या हाडाच्या किंवा लाकडाच्या छिद्रांतही भूजलातील खनिजे अशीच साचत जातात. फक्त तिथे दोन-चार दिवसांत काम होत नाही. (पावसाळ्यात हा प्रयोग टाळावा, मिठाला ओल सुटते आणि ‘हाड’ पुन्हा मऊ पडते.)

ठसा आणि साचा यांत फरक काय?

शाडूच्या मातीत शिंपला दाबून काढला की उरतो तो ठसा. त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून वाळवले की शिंपल्याची प्रतिकृती मिळते. मूळ शिंपला विरघळून गेला आणि उरलेली पोकळी खनिजांनी भरली, तर निसर्गातही हेच घडते. प्लास्टर मोठ्यांनीच कालवावे. घट्ट होताना ते तापते, त्यामुळे हाताचा ठसा घेण्यासाठी मुलांचा हात त्यात बुडवू नये. उरलेले प्लास्टर सिंकमध्ये ओतल्यास नळी तुंबते.

मग पिसदुऱ्याच्या विष्ठेचे काय?

मातीच्या गोळ्यात भाताचा कोंडा, तीळ, गवताच्या काड्या मिसळून तो वाळवा. दुसऱ्या दिवशी मुलांना तो फोडून ‘या प्राण्याने काय खाल्ले?’ हे ओळखू द्या. संशोधकांनीही काहीसे तेच केले, पण सूक्ष्मदर्शकाखाली. गवताच्या पेशींत सिलिकाचे कण असतात आणि गवत कुजले तरी ते टिकतात. पुरावा मिळाला तो त्या कणांत.

आपल्या टेकडीवर जीवाश्म का सापडत नाहीत?

मुले हे विचारणारच. महाराष्ट्राचा बहुतांश भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणाने व्यापला आहे आणि तापलेल्या लाव्हात प्राणी-वनस्पतींचे अवशेष सहसा टिकत नाहीत. त्यासाठी गाळ लागतो. लाव्हाच्या दोन उद्रेकांमधल्या काळात साचलेल्या तळ्यांच्या गाळात किंवा लाव्हाखालच्या जुन्या थरांत ते मिळतात. म्हणून विदर्भात शक्यता अधिक. सिरोंचा परिसरात तर दगड झालेले वृक्ष सापडले आहेत.

सहलीत काही सापडलेच तर?

उचलू नये. शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, मोबाइलवर ठिकाणाची नोंद करावी आणि जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्र विभागाला कळवावे. जीवाश्माचे वय बऱ्याचदा तो ज्या थरात आहे त्यावरून ठरते. घरच्या कपाटात ठेवलेल्या दगडाचा थर कोणता, हे नंतर सांगता येत नाही.