न पाहणारा गुरू

गेली चार वर्षे माझ्या खिशात पत्त्यांचा कॅट असतो. बसथांब्यावर, बँकेच्या रांगेत, रात्री बातम्या पाहताना हात आपोआप तिकडे जातो. घरच्यांनी सुरुवातीला हसून घेतले, मग त्यांना वैताग आला, आता सवय झाली आहे. जादूगार रघुवीरांचे प्रयोग लहानपणी डोळे विस्फारून पाहिलेल्या पिढीतला मी; पण मला पेटीतून माणूस गायब करायचा नव्हता. हातभर अंतरावर बसलेल्या माणसासमोर, नुसत्या बोटांनी, बदाम राणीची इस्पिक सत्ती करायची होती. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ही विद्या शिकवणारे मला जवळपास कोणी सापडले नाही. म्हणून मी ती व्हिडिओंवरून शिकलो. माझे सगळे गुरू पडद्यावरचे. त्यांना मी हजारो वेळा पाहिले आहे. त्यांनी मला एकदाही पाहिलेले नाही. अशा एकतर्फी पाहण्यातून माणूस काय शिकतो आणि त्याचे काय शिकायचे राहून जाते, हा या लेखाचा विषय आहे.

लाघव आणि चलाखी

मराठीत या कलेला दोन शब्द आहेत. एक हातचलाखी, दुसरा हस्तलाघव. चलाखीत फसवणुकीची छटा आहे. लाघवात हलकेपणा आहे, सहजता आहे. मी पहिली दोन वर्षे केवळ चलाखी शिकत होतो, हे मला फार उशिरा कळले.

आधी या विद्येतल्या दोन-तीन क्रिया सांगतो. ‘डबल लिफ्ट’ म्हणजे वरचे दोन पत्ते एकच असल्यासारखे उलटणे. प्रेक्षकाला दिसतो तो दुसरा पत्ता, त्याला वाटतो पहिला. ‘पास’ याहून अवघड. प्रेक्षकाने आपला पत्ता कॅटच्या मधोमध ठेवला, की तिथे डाव्या करंगळीच्या टोकाने बारीकशी फट राखायची आणि पापणी लवते न लवते तोच खालचा गठ्ठा वर, वरचा खाली करायचा. ‘बॉटम डील’ म्हणजे वरचा पत्ता वाटतो आहे असे भासवत तळाचा वाटणे. यांपैकी काहीही मी फोडलेले गुपित नाही. अनेक दशके हे पुस्तकांतून छापले गेले आहे. गुपित कळायला अर्धा मिनिट लागतो. पास बऱ्यापैकी करायला मला दोन वर्षे लागली. गुपित आणि कौशल्य यांच्यामधल्या या अंतरातच शिक्षणाचा सगळा प्रश्न दडलेला आहे.

पुस्तक आणि पायपीट

या विद्येचा आधुनिक मूलग्रंथ १९०२ साली शिकागोत प्रसिद्ध झाला. नाव ‘द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’, लेखक एस. डब्ल्यू. अर्डनेस. हे टोपणनाव. इंग्रजी अक्षरे उलट्या क्रमाने वाचली तर ‘ई. एस. अँड्र्यूज’ असे नाव निघते. पण हा गृहस्थ कोण, यावर शंभर वर्षे वाद चालू आहे. पुस्तकात एम. डी. स्मिथ या चित्रकाराने काढलेली हातांची शंभराहून अधिक रेखाचित्रे आहेत. पहिला भाग जुगाराच्या टेबलावरच्या लबाडीचा, दुसरा करमणुकीच्या जादूचा. कोणते बोट कुठे, दाब कोणत्या कडेवर, हे लेखकाने एखाद्या यंत्राची माहितीपुस्तिका लिहावी तशा काटेकोरपणे लिहिले आहे.

कॅनडातल्या ओटावा शहरात १८९४ साली जन्मलेल्या डाय व्हर्नन यांनी लहानपणीच या पुस्तकाचे पारायण सुरू केले. पुढे विसाव्या शतकातल्या पत्त्यांच्या जादूवर सर्वाधिक ठसा त्यांचाच उमटला. पण पुस्तक पाठ असलेला हा माणूसदेखील पुस्तकावर थांबला नाही. कॅटच्या तळातून नव्हे, तर थेट मधूनच पत्ता वाटणारा कोणी जुगारी आहे, अशी कुणकुण त्यांना लागली. अनेकांना ती थाप वाटली. व्हर्नन मात्र शोध घेत १९३२ साली मिसूरी राज्यातल्या प्लेझंट हिल या छोट्या गावी पोचले आणि ॲलन केनेडी नावाच्या त्या माणसाचे हात त्यांनी प्रत्यक्ष पाहिले.

उतारवयात व्हर्नन हॉलिवूडमधल्या ‘मॅजिक कॅसल’ या जादूगारांच्या क्लबात बसत आणि जगभरातून माणसे त्यांच्यासमोर पत्ते घेऊन येत. त्याआधी, पर्सी डायकोनिस नावाचा एक मुलगा चौदाव्या वर्षी घर सोडून त्यांच्याबरोबर हिंडला होता. पुढे तो स्टॅनफर्ड विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक झाला आणि पत्ते पिसण्याच्या गणितावर त्याने मूलभूत संशोधन केले. आपल्याकडच्या गुरुगृही राहण्याच्या परंपरेपेक्षा हे फारसे वेगळे नव्हते.

मग व्हिडिओ कॅसेट आली, डीव्हीडी आली आणि आता सगळे मोबाईलवर आले. ज्यासाठी व्हर्नन यांनी पायपीट केली, ते आज मला चहा पिता पिता दिसते. खांद्यावरून घेतलेल्या चित्रणामुळे उजव्या-डाव्याचा गोंधळ होत नाही. हवे तिथे थांबवता येते, पाव गतीने पाहता येते. दाखवण्याची सोय इतकी वाढली, की त्यातून काय गळाले आहे याकडे लक्षच जात नाही.

पाहण्याने चढणारी धुंदी

माझ्या पहिल्या वर्षाचा दिनक्रम सांगतो. रात्री पासचा व्हिडिओ लावायचा, तो दहा वेळा पाहायचा, ‘आता जमणार’ असे वाटले की कॅट हातात घ्यायचा. पत्ते जमिनीवर. पुन्हा दहा वेळा पाहायचा. प्रत्येक वेळी पाहताना खात्री वाढत होती आणि प्रत्येक वेळी जमीन पत्त्यांनी भरत होती.

हा माझाच मूर्खपणा नव्हता, हे नंतर कळले. शिकागो विद्यापीठातील मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन यांनी याच अनुभवावर केलेले प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाले. भांडी न हलवता टेबलावरचा कापड झटकन ओढून काढणे, नेम धरून बाण फेकणे, मागे घसरत जाणारी ‘मूनवॉक’ चाल अशा कौशल्यांचे व्हिडिओ त्यांनी लोकांना दाखवले. काहींना एकदा, काहींना वीस वेळा. अनेकदा पाहणाऱ्यांना आपल्याला हे जमेल अशी खात्री अधिक वाटू लागली. प्रत्यक्ष करायला सांगितल्यावर मात्र त्यांची कामगिरी एकदा पाहणाऱ्यांपेक्षा चांगली नव्हती. तेवढाच वेळ लेखी सूचना वाचणाऱ्यांचा आत्मविश्वास असा फुगला नाही. आणखी एक गोष्ट मला बोलकी वाटली. हातांनी झेलत राहण्याचा खेळ पाहिलेल्यांना त्यातली साधने नुसती क्षणभर हातात धरू दिली, तर त्या वजनाच्या स्पर्शानेच फाजील खात्री उतरली.

कारण उघड आहे. पडद्यावर हालचाल दिसते, पण दाब दिसत नाही. करंगळी किती जोराने धरते, पत्ता किती वाकला की सुटतो, बाकीची बोटे केव्हा सैल सोडायची, हे कोणत्याही गतीने पाहिले तरी दिसणार नाही. मंद गतीत तर आणखी एक फसगत आहे. तबल्याचा ठेका विलंबित लयीत वाजवला तरी ठेकाच राहतो. पास तसा नाही. तो अर्धा त्या झटक्याच्या जोरावर होतो. संथ केला की ती क्रियाच निराळी होते.

व्हर्नन यांचीच एक गोष्ट इथे आठवते. कोणतीही जादू आपल्याला तीनदा दाखवली की ती ओळखतो, अशी हुडिनीची बढाई होती. १९२२ साली शिकागोत व्हर्नन यांनी त्याला एकच जादू पुन्हा पुन्हा दाखवली. मधे ठेवलेला पत्ता दर वेळी वर येई. हुडिनीला ती अखेरपर्यंत उलगडली नाही. पुन्हा पुन्हा पाहणे म्हणजे कळणे नव्हे. आणि कळणे म्हणजे जमणे तर नव्हेच.

मावशीची नजर

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस पास आणि डबल लिफ्ट आरशासमोर बिनचूक होऊ लागले. मी मोबाईलवर स्वतःचे चित्रण केले. तेही स्वच्छ दिसले. त्या दिवाळीत सांगलीला मावशीकडे सगळे जमलो होतो. फराळाची ताटे बाजूला सारून मी सतरंजीवर कॅट काढला. भाचरे भोवती बसली, मागे मावशी. तिने उभ्या आयुष्यात पाच-तीन-दोन आणि रमी सोडून पत्त्यांचे काही केलेले नाही.

मी डबल लिफ्ट केली. चौकट राजा दाखवला, पालथा केला, वरचा पत्ता सतरंजीवर ठेवला आणि फुंकर मारण्याआधीच धाकटा भाचा म्हणाला, “मामा, तू दोन उचललेस.” सगळे हसले. मी पुन्हा केली. पुन्हा तेच. चेहरा सावरत मी पत्ते गोळा केले आणि विषय चकल्यांवर नेला.

मुले फटाके उडवायला गेल्यावर मावशी जवळ येऊन बसली. म्हणाली, “पत्त्यांतलं मला कळत नाही रे. पण काहीतरी करायच्या आधी तुझा अंगठा पांढरा पडतो. आणि डोळे मिटतोस.”

मी थक्क झालो. घरी परतल्यावर जुनी चित्रणे पुन्हा पाहिली. अंगठा खरोखर पांढरा पडत होता. उरलेले पत्ते निसटू नयेत म्हणून मी त्याने कॅट दाबून धरत होतो, आणि साधा एक पत्ता उलटताना मात्र तसे काही करत नव्हतो. डोळ्यांचे तर आणखी विचित्र. नेमक्या त्या क्षणी माझी पापणी लवत होती. आरशासमोर सराव करताना मी स्वतःचीच चोरी स्वतःपासून लपवत होतो! ही सारी चित्रणे मी अनेकदा तपासली होती. पण गुपित कुठे आहे हे मला ठाऊक असल्याने मी फक्त तिथेच पाहत होतो. मावशीला गुपित ठाऊक नव्हते, म्हणून ती सगळीकडे पाहत होती. तिचे अज्ञान हेच तिचे भिंग होते.

त्यानंतर मी सराव बदलला. आधी खरोखर एकच पत्ता उलटायचा, विचार न करता, बोलता बोलता, वीस-पंचवीस वेळा. मग त्याच हाताने, त्याच ढिलाईने दोन. खोटी क्रिया व्हिडिओतल्या उस्तादासारखी करायची नसते, ती स्वतःच्या खऱ्या क्रियेसारखी करायची असते. याला संशोधनाचाही आधार सापडला. ब्रिटनमधील संशोधकांनी २०११ साली वस्तू उचलण्याचे नुसते सोंग करणाऱ्या हातांची मोजमापे घेतली. सामान्य माणसाचे सोंग आणि खरे उचलणे यांत स्पष्ट फरक होता. जादूगारांचे सोंग मात्र खऱ्याशी जुळले, पण खरी वस्तू शेजारी नजरेसमोर असेल तेव्हाच. ती पूर्णपणे दृष्टिआड केली, की त्यांचाही फायदा संपला. म्हणजे मुरलेल्या हातालाही समोर खरे काहीतरी लागतेच.

मूर्ती आणि लक्ष्य

अमेरिकेतले रिचर्ड टर्नर हे पत्त्यांवरच्या हुकमतीसाठी जगभर नावाजलेले कलावंत. नवव्या वर्षी आजारपणानंतर त्यांची दृष्टी जाऊ लागली आणि पुढे ती पूर्ण गेली. त्यांच्या आयुष्यावर २०१७ साली ‘डेल्ट’ हा माहितीपट आला. पडद्यावर पाहून शिकण्याचा मार्ग त्यांना बंद होता. त्यांचे सगळे ज्ञान बोटांच्या टोकांत आहे. पण ते एकटे शिकले नाहीत. त्यांना व्हर्नन यांचे मार्गदर्शन दीर्घकाळ लाभले. शिष्याला दिसत नव्हते. गुरूला दिसत होते. माझी स्थिती नेमकी उलटी होती. मला सारे दिसत होते, आणि माझ्याकडे पाहणारे कोणी नव्हते.

व्हिडिओवरून शिकणाऱ्याला लोक कौतुकाने एकलव्य म्हणतात. मलाही म्हणून झाले आहे. उपमा गोड आहे, पण ती तपासून पाहिली पाहिजे. मातीची मूर्ती एकलव्याकडे पाहू शकत नव्हती हे खरे. पण त्याचे त्यावाचून अडले नाही, कारण बाण लागला की चुकला हे समोरचे लक्ष्यच सांगत होते. पोहणाऱ्याला पाणी सांगते, स्वयंपाक करणाऱ्याला जीभ सांगते. अशा कला पडद्यावरून बऱ्याच अंशी शिकता येत असतील. हस्तलाघवाचे लक्ष्य मात्र दुसऱ्याच्या मनात असते. समोरच्याला काही जाणवले की नाही, हे माझ्या बोटांना कधीच कळणार नाही. ते फक्त समोरचा माणूस सांगू शकतो.

म्हणून व्हिडिओंवर माझा राग नाही. त्यांच्याशिवाय ही विद्या माझ्यापर्यंत पोचलीच नसती. आजही नवी क्रिया शिकताना मी त्यांच्याकडेच जातो. फक्त दोनदा पाहून बंद करतो आणि कॅट हातात घेतो. आणि महिन्या-दोन महिन्यांनी सांगलीला जातो. मावशी चष्मा लावून समोर बसते. ती मला काही शिकवत नाही. तिला शिकवण्यासारखे काही येतही नाही. ती फक्त पाहते.

गेल्या खेपेला मी डबल लिफ्ट केली, चौकट राजा दाखवला, पालथा केला, वरचा पत्ता तिच्या तळहातावर ठेवला आणि फुंकर मारली. तिने पत्ता उलटला. किलवर तिर्री. ती बराच वेळ त्या पत्त्याकडे पाहत राहिली. मग माझा हात हातात घेतला आणि उजेडात धरून अंगठा नीट निरखला.